लाटेवरची मेहुणी

आमच्या मेहुणीला 'तुला हे जमायचं नाही' असं सांगून सुखरूप राहिलेला माणूस मी मराठवाड्यात अजून पाहिला नाही. मी सातवी नापास, चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, मला वाढवून बोलायची सवय नाही. पण या बाईनं वाढवायला जागाच ठेवलेली नाही. सिल्लोडकडं अंगणवाडीवर होती तेव्हा एक साहेब म्हणाला, बाई, ती लांबची वाडी तुम्हाला जमायची नाही, रस्ता वाईट आहे. आठ दिवसांत ही सायकल शिकली. गुडघे फोडून घेतले, एका माणसाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात घुसली, पण शिकली. आणि नवव्या दिवशी सायकल थेट साहेबाच्या कचेरीच्या व्हरांड्यात चढवून, तो बाहेर येईपर्यंत घंटी वाजवत उभी राहिली. डॉक्टरनं सांगितलं, आता गुडघे जपा, जिना चढू नका. दुसऱ्या दिवशी हिनं खाट उचलून गच्चीवरच्या खोलीत नेली. विचारलं तर म्हणाली, "दाजी, जिन्याला कळायला नको का घर कुणाचं आहे ते?"

ती माझ्या बायकोची धाकटी बहीण. दोघी सोयगावकडच्या, एकाच विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेल्या. माझी बायको शांत. मी लग्नाकार्यात काही खरं बोलायला तोंड उघडलं, की ती गुपचूप माझ्या बरगडीत कोपर मारायची. भिंत वाकडी असली तर मी मालकाच्या तोंडावर वाकडी म्हणतो, मग ती मी बांधलेली का असेना, माणसांचंही तसंच. तिच्या त्या कोपरामुळं माझी निम्मी नाती टिकली. दोन वर्षं झाली ती जाऊन. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं जेवून गेली, आणि तेव्हापासून सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू आवाजात बोलतात. एक मेहुणीच तेवढी भांडते. दर रविवारी ठेचा आणि दशम्या घेऊन येते, माझं घर बघून नाक मुरडते आणि म्हणते, "अक्का असती तर तुम्हाला या पसाऱ्यासकट बाहेर काढलं असतं." मग अक्का लहानपणी कशी चिंचा चोरायची, शाळेला बुट्टी मारून कुठं लपायची, ते सांगत बसते. माझ्या बायकोला परकर-पोलक्यात पाहिलेलं माणूस या शहरात आता तेवढं एकच उरलंय. म्हणून ती कितीही भांडली तरी मी दार उघडं ठेवतो.

तर अशी ही साठी उलटलेली बाई मागल्या पावसाळ्यात न्हाणीत घसरून पडली. एकटीच राहते, नवरा जाऊन कैक वर्षं झाली. तासभर पडून होती, मग शेजारणीनं हाक ऐकली. हाड मोडलं नाही, पण पुण्याचा मुलगा धावत आला आणि म्हणाला, आई, बस झालं, घराला कुलूप लाव आणि चल. पोरगा वाईट नाही. भ्यालेला होता. पण त्याचं घर चौदाव्या मजल्यावर. ही म्हणाली, "मी काय कबूतर आहे का?" बोलणं वाढलं. त्याच वेळी हिच्या मोबाइलवर कुठलीशी पांढऱ्या केसांची बाई समुद्रात फळीवर उभी राहून लाटेबरोबर येत होती. हिनं ते पोराच्या नाकासमोर धरलं. "ही बघ, माझ्याच वयाची."

पोरगा हसला. "आई, तुला न्हाणीत उभं राहता येईना आणि लाटेवर काय उभी राहशील? तुला जमायचं नाही ते."

मी तिथंच चहा पीत होतो. कप खाली ठेवला. म्हटलं, गेला हा.

तिथल्या तिथं पैज लागली. समुद्रावर पाच दिवस. पाच दिवसांत ही फळीवर दोन पायांवर उभी राहिली, तर पोरानं पुन्हा पुण्याचं नाव काढायचं नाही. नाही राहिली, तर घर बंद करून निमूट चौदाव्या मजल्यावर जायचं. पोरानं मान्य केलं, फक्त एक अट घातली. "काका साक्षीला जातील. तुझ्या सांगण्यावर माझा भरवसा नाही. काका खोटं बोलत नाहीत." मला कुणी विचारलंच नाही.

मग तयारी सुरू झाली. आमच्या शहरात नळाला पाणी येतं आठवड्यानं, तेही आलं तर. तिथं लाट आणायची कुठून? हिनं जुन्या दाराची फळी गच्चीवर नेली, तिच्याखाली गुंडाळलेलं गोणपाट घातलं आणि रोज सकाळी त्यावर पालथी पडून दोन्ही हातांनी हवेत पाणी मारायला लागली. मग स्वतःच ओरडायची, "उठ!" आणि उठायला जाऊन धप्पकन पडायची. शेजारीण वर येऊन म्हणाली, "बाई, एवढ्या सकाळी मिरच्या कांडताय व्हय?" पोहण्याचे कपडे घ्यायला मला गुलमंडीच्या बाजारात घेऊन गेली. दुकानदाराला वाटलं नातीसाठी हवेत, त्यानं विचारलं, "अम्मा, पोती कू होना क्या? उमर बोलो." ही म्हणाली, "मेरेकू होना. उमर बासष्ट." त्या बिचाऱ्यानं सगळे कप्पे उपसून घोट्यापर्यंतचा, पुऱ्या बाह्यांचा एक काळा पोशाख काढला. घरी तो घालून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दाजी, खरं सांगा, म्हशीसारखी दिसते ना?"

"व्हय," मी म्हटलं. विचारल्यावर सांगावंच लागतं.

"मग बरंय. म्हैस पाण्यात बुडत नाय."

मालवणकडच्या एका गावात तिला शिकवायला जे मास्तर मिळाले ते पन्नाशीचे, कोळ्याच्या घरातले, पोट सुटलेले. त्यांनी पहिला अख्खा दिवस तिला फक्त पडायला शिकवलं. आधी वाळूवर, मग गुडघाभर पाण्यात. सूर मारायचा नाही, अंथरुणावर पडावं तसं आडवं पडायचं, दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे, घाबरून हातपाय झाडायचे नाहीत, दम धरून सावकाश वर यायचं. ही कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, पडता मला घरीच येतं. एवढ्या लांब मी उभं राहायला आलेय." मास्तर म्हणाले, "पडूक शिकल्याशिवाय उभ्या ऱ्हवाक येवचा नाय." मग मुकाट्यानं दिवसभर पडली.

त्या संध्याकाळी तिनं जे केलं ते आमच्याकडची बाईच करू जाणे. मास्तरांनी फळी उतरायच्या घराच्या पडवीत ठेवलेली. तिच्यावर कसलासा चिकट थर, त्यात वाळू, केस, कचरा. जिनं पंचवीस वर्षं अंगणवाडीची पातेली चेहरा दिसेपर्यंत घासून घेतली, तिला ते बघवेना. बंबातलं कढत पाणी ओतलं, उलथन्यानं खरवडलं, वर धुण्याची पावडर टाकून काथ्यानं घासलं. मला अभिमानानं दाखवली. "बघा, कशी चकाकते! कोकणातली माणसं चांगली, पण भांड्यांकडं लक्ष नाय." मीही मान डोलावली. गवंड्यानं हत्यार धुवून ठेवावं, हे मला पटतंच.

दुसऱ्या दिवशी ती फळीवर पालथी पडली आणि हातातून साबण सुटावा तशी पलीकडं पाण्यात गेली. पुन्हा चढली, पुन्हा गेली. दहा वेळा. मास्तर पाण्यात शिरले, फळीवरून हात फिरवला आणि कपाळाला लावला. "आजये, मेण खंय गेला?" तो चिकट थर म्हणजे पाय घसरू नये म्हणून मास्तरांनी मुद्दाम लावलेलं मेण होतं. सगळं पुन्हा लावायचं, ते बसू द्यायचं, यात दुसरा दिवस गेला. मेहुणी दिवसभर बोलली नाही. मी तिला एवढा वेळ गप्प बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते काही बरं वाटलं नाही. पाचातले तीन उरले होते.

तिसरा आणि चौथा दिवस ती नुसती पडत होती. नाकातोंडात खारं पाणी, डोळे लाल, कोपरं सोललेली. लाटांशी ती अंगणवाडीतल्या पोरांशी बोलावं तशी बोलायची. "ए, रांगेनं या! ढकलाढकली नाय करायची! तू थांब, तू मोठी हायेस ना?" एकही लाट ऐकत नव्हती. किनाऱ्यावर लोक जमायचे, मोबाइल काढायचे. एक बाप्या म्हणाला, "या वयात हे काय थेर? घरात कुणी सांगणारं नाही वाटतं." मी उठून त्याच्यापुढं गेलो. म्हटलं, "आहे ना. मी आहे. मी तिला सांगितलंय, पड. तुझं काय जातंय?" तो निघून गेला. मला कोपर मारायला शेजारी कुणी नव्हतं, त्यामुळं आणखी चार शब्द त्याच्या पाठीवर घातले.

पाचव्या दिवशी सकाळी लाटा बेताच्या होत्या. मास्तरांनी फळी ढकलली, ही गुडघ्यांवर आली आणि तशीच, दोन्ही हात वर करून, ओरडत थेट काठापर्यंत आली. पुढच्या खेपेला एक पाय फळीवर रोवला. दुसरा येईना. तो दुखरा गुडघा. पुन्हा गेली. एक पाय. पुन्हा गेली. दुसरा पाय अर्धा उचलला आणि आडवी झाली. दुपार झाली, पाणी ओसरलं, लाटा मेल्या. मास्तर म्हणाले, "आज बस."

ती बाहेर आली, माझ्यापासून दहा पावलांवर फळीला टेकून बसली आणि माझा फोन वाजला. पोरगाच होता.

"जयभीम काका. झाले पाच दिवस. खरं सांगा, उभी राहिली?"

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान हलवली नाही, डोळ्यानं खुणावलं नाही. मुकाट केस पिळत होती. एक शब्द खोटा बोललो असतो तर तिचं घर तिला राहिलं असतं आणि माझा रविवार मला. कुणाला कळणार होतं? पण त्या बाईनं मेण काढलं, कोपरं सोलली, आणि तरी माझ्याकडं खोटं मागितलं नाही. मग मी ते तिला फुकट का देऊ?

"नाही राहिली," मी म्हटलं. "एक पाय आला. दुसरा नाही आला."

पलीकडं पोरानं सुस्कारा सोडला. "मग ठरल्याप्रमाणे..."

"थांब. माझं झालं नाही. तुला भीती कशाची आहे? ती पडेल याची ना? मग ऐक. पाच दिवस मी इथं बसून तिला पडताना बघतोय. किती वेळा ते मोजायचं मी दुसऱ्या दिवशी सोडलं. डोकं सांभाळून पडते, ओरडत नाही, दम धरते आणि उठते. तू पैज लावलीस उभं राहायची, ती हरली. पण जे तुला पाहिजे होतं ते ती शिकली. आता तिला कबुतरासारखी वर नेऊन ठेवायची असेल तर ने, शब्द दिलाय तिनं, ती येईल. पण ते तिच्या काळजीपोटी नसेल, तुझ्या भीतीपोटी असेल. मी गवंडी माणूस, मला गोड बोलता येत नाही."

पोरगा मग म्हणाला, "काका, न्हाणीत धरायला कठडा बसवून द्याल?"

"दोन बसवतो."

"तिला द्या फोन."

तिनं ओल्या हातानं फोन घेतला. ऐकत राहिली. "व्हय," म्हणाली. मग आणखी एकदा, "व्हय रे बाबा." मग आवाज चढला, "आणि खुराडं तुझं तुलाच लखलाभ!" फोन माझ्या हातात देऊन नाक पुसलं. मला आभारबिभार काही म्हणाली नाही. म्हणाली, "दाजी, अर्धा पाय उचलला होता, ते सांगितलं नाय तुम्ही."

"अर्धा म्हणजे नाही."

"दगड आहात," म्हणाली आणि उठली. संध्याकाळकडं पाणी पुन्हा चढायला लागलं तशी फळी ओढत आत गेली. आता पैज नव्हती, मास्तर नव्हते, साक्षही कुणाला नको होती. पडली, उठली, पडली.

मी वाळूत बसून राहिलो. माझ्या बायकोनं मला दोनदा म्हटलं होतं, एकदा समुद्र दाखवा. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ती बरीच आजारी होती. मी म्हटलं होतं, पाणीच ते, त्यात काय बघायचं? मला तेव्हा ते खरंच वाटत होतं, म्हणून बोललो. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत एकटाच बघत बसलो. बघण्यासारखं होतं.