सिक लाइनवरचा कॉम्प्युटर

आडनाव झोपे असलेला इतका जागा माणूस भुसावळात दुसरा नसेल. पितांबर झोपे रेल्वेतून निवृत्त झाले, पण त्यांचे पाय काही निवृत्त झाले नाहीत. चहा प्यायचा तो उभ्याने, पेपर वाचायचा तो ओट्यावर फेऱ्या मारत. टीव्हीवर बातम्या लावल्या तर एका चॅनेलवरच्या बाईने सुरू केलेलं वाक्य दुसऱ्या चॅनेलवरचा बुवा पुरं करायचा. कुंदाबाई, म्हणजे त्यांची बायको, शेजारणींना सांगायची, "ह्यायले खुर्ची कायले घेतली काय माहीत. नुसती धूळ बसते तिच्यावर."

उभी हयात यार्डात गेली होती. काम डबे तपासण्याचं. गाडी सुटायच्या आधी लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकाचाकावर ठोका मारत जायचं आणि कान देऊन आवाज ऐकायचा. खणखणीत आवाज आला तर डबा फिट. बद्द आला, स्प्रिंग गेलेली दिसली, ब्रेक धरेना, की डब्यावर खडूने लिहायचं : सिक. मग तो डबा गाडीतून कापून बाजूच्या रुळावर, सिक लाइनला, दुरुस्तीला जायचा. गार्ड शिट्टी मारो नाहीतर वरचा साहेब फोनवर ओरडो, झोपेंनी फिट म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर असायलाच हवा होता.

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर सुटत नव्हता.

हॉलच्या कोपऱ्यात तो ठाण मांडून होता. मुलगी कामिनी एम.एस्सी. करत होती तेव्हा घेतलेला. सकाळी बटण दाबलं की आधी काळा पडदा, मग पांढरी अक्षरं, मग गोल गोल फिरणारे ठिपके. कुंदाबाईंच्या भाकरी टाकून व्हायच्या, पितांबरराव कोपऱ्यावरून दूध घेऊन यायचे, तरी ठिपके फिरतच असायचे. शेवटी चित्र यायचं, तर बाण जागचा हलायचा नाही. हलला तर कुठलीतरी चौकट उघडायची आणि थांबा म्हणायची. थांबणं हा शब्द ज्यांच्या अंगात नाही त्यांना हे यंत्र रोज थांबायला लावत होतं.

एरवी याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण कामिनी आता माहेरी होती, आणि तिचं सगळं त्या कॉम्प्युटरवर येऊन ठेपलं होतं.

तिला धुळ्याला दिलं होतं. स्थळ चांगलं आलं, मंडळी घाईत होती, मुलाला सुट्टी नाही म्हणाली. एका दुपारी पोहे झाले, त्याच दुपारी सुपारी फुटली. पुढे कळलं की मुलाची नोकरी सांगण्यापुरती होती आणि हात उगारणं तेवढं खरं होतं. कामिनी एका बॅगेनिशी परत आली. तिचा लॅपटॉप तिकडेच राहिला, म्हणजे त्यांनी ठेवून घेतला. आता धुळ्याची मंडळी चार नातेवाइकांची बैठक मागत होती, आणि बैठकीत काय होणार हे भुसावळात कुणालाही विचारा : पोरगी रिकामी बसली आहे, किती दिवस ठेवाल, समजूत घालून पाठवा.

म्हणून कामिनीने काम शोधलं. पुण्याची एक शिकवणी कंपनी घरबसल्या शाळकरी मुलांना गणित शिकवायला शिक्षक घेत होती. आधी एक तास शिकवून दाखवायचा, तोही कॉम्प्युटरवरूनच; मोबाइल त्यांना चालत नव्हता. पहिल्या वेळी हा दगड उठेपर्यंत पलीकडची मुलं कंटाळून निघून गेली. कामिनीने फोनवर गयावया केली तेव्हा कंपनीच्या बाई म्हणाल्या, गुरुवारी सकाळी पुन्हा बघू, मात्र ह्यावेळी उशीर झाला तर परत फोन करू नका.

"तू बस वं," पितांबरराव लेकीला म्हणाले, "मी पाह्यतो त्याच्याकडे."

आणि त्यांनी खरंच पाहिलं. आधी डब्याच्या पत्र्यावर पेचकसाच्या मुठीने टकटक करून कान लावला. कामिनी म्हणाली, "आप्पा, तो डबा नाही." ते म्हणाले, "डबाच हाये." मग पत्रा काढला, ब्लोअरने फुंकलं, कुंदाबाईंच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर राखाडी थर पसरला. शेजारचे नथ्थू पाटील, मूळचे पारोळ्याचे, कंपाउंडवरून डोकावून म्हणाले, "झोपे भाऊ, बठ्ठी धूळच शे ना मजार! आते पळी तो." आतली सगळी धूळ गेली, तरी तो पळाला नाही. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, काका, जुनी डिस्क काढा आणि नवी टाका, एका झटक्यात सुरू होईल. पितांबररावांना ते पटेना. चाकं शाबूत असताना डबा भंगारात काढायचा? त्यांनी मेमरीच्या पट्ट्या काढून रबराने घासल्या, वायरी उलटसुलट केल्या, खालचं स्टूल बदललं. दर वेळी बटण दाबायचे, ओट्यावर जायचे, परत यायचे, ठिपक्यांकडे पाहायचे, पुन्हा ओट्यावर. बुधवार उजाडला तरी जिवाला चैन नव्हतं आणि कॉम्प्युटरला घाई नव्हती.

त्यात यावलहून धाकट्या बहिणीचा फोन आला. लताबाईंना सगळ्यांची खबर लागते, तशी हीही लागली होती. पितांबरराव ओट्यावर फिरत फिरत बोलत होते. "काय सांगू लता, पोरगी सध्या सिक लाइनले हाये. दुरुस्त झाली का जोडून देऊ गाडीले."

मागच्या अंगणात कामिनी कपडे वाळत घालत होती. ओटा आणि अंगण यांच्यामध्ये फक्त भिंतीचा कोपरा. तिने ओला टॉवेल तसाच बादलीत टाकला आणि आत आली.

इथे पितांबररावांची बाजू सांगायला हवी. त्यांच्या तोंडी सिक हा वाईट शब्द नव्हता. जो डबा कामातून गेला त्याला यार्डात कंडम म्हणतात. सिक म्हणजे ज्याची काळजी घ्यायची तो, जो पुन्हा धावणार तो. सिक लाइनवरच्या डब्यांजवळ त्यांनी आयुष्यातली सगळ्यात शांत दुपार काढली असेल. हे सगळं त्यांच्या मनात होतं, पण मनातलं लेकीला कसं ऐकू जाणार? तिला ऐकू गेलं ते एवढंच की मी बिघडले आहे आणि दुरुस्त करून मला पुन्हा त्याच गाडीला जोडायचं आहे.

ती खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसली, बटण दाबलं आणि ठिपके थांबेपर्यंत हलली नाही. मग सुरू होताना आपोआप काय काय उघडतं ती चौकट तिने काढली आणि बघतच राहिली. व्हायरस पकडणारी तीन सॉफ्टवेअर. तिन्हींना रोज सुरुवातीलाच सगळा कॉम्प्युटर तपासायचा हुकूम. त्याशिवाय दर वेळी डिस्कची आणखी एक तपासणी. तिघं कॉम्प्युटर तपासत होतेच, वर एकमेकांनाही तपासत होते.

"आप्पा!" तिने हाक मारली. पितांबरराव फोन खिशात टाकत आले. "हे कोणी लावलं?"

"मी." त्यांच्या आवाजात चोरी नव्हती, थोडा ताठाच होता. "तू आली तवापासून. तुह्या फायली हायेत त्याच्यात. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसरा धरीन. सुटायच्या आधीच पाह्यलेलं बरं. मधी रस्त्यात काही झालं मंग?"

"म्हणून तो सुटतच नाही!"

"उशीर झाला तरी चालीन, पण..."

"नाही चालणार!" कामिनी उभी राहिली. इतक्या महिन्यांत तिचा आवाज एवढा चढला नव्हता; स्वयंपाकघरात कुंदाबाईंचा हात पिठातच थांबला. "मला पाठवलं तेव्हा काही म्हणजे काही तपासलं नाही तुम्ही. एका दुपारीत ठरवलं आणि पाठवलं. आणि आता मी कुठे जाते, कोणाचा फोन आहे, दार कशाला लावलं, रोज तपासणी. मी सिक नाहीये आप्पा. ज्यानं मारलं तो सिक आहे. त्याला लावा कुठल्या लाइनला लावायचं ते!"

 कंडम आणि सिक यांतला फरक सांगावा असं पितांबररावांच्या एकदा जिभेवर आलं होतं. तो सांगून काय होणार होतं? एवढ्या गाड्या थांबवल्या, साहेबांशी भांडून थांबवल्या, आणि घरची गाडी मंडळी घाईत आहेत म्हणून सोडून दिली. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते त्यांना बसू देत नव्हतं, झोपू देत नव्हतं, आणि त्यामुळेच त्यांनी कॉम्प्युटरमध्ये तीन पहारेकरी बसवले होते. फक्त ते दुसऱ्या कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

"आता काय करू?" त्यांनी विचारलं. विचारताना ते कधी नव्हे ते खुर्चीवर बसले.

"काढा. तुम्हीच काढा."

पहिलं काढलं. दुसरं काढताना चौकटीने विचारलं, तुमची खात्री आहे का, आणि पितांबरराव माउसवर बोट ठेवून बसले. खात्री नव्हती. कामिनी मागे उभी होती, तिने हात पुढे केला नाही. त्यांनी बोट दाबलं. तिसऱ्याकडे बाण नेला तेव्हा तीच म्हणाली, "एक राहू द्या. एक पुरतो." मग रोजची डिस्कची तपासणी बंद केली, सुरुवातीला उघडणारं आणखी नको ते बंद केलं, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. ठिपके आले आणि दोन वेळा फिरून गेले. पितांबरराव सवयीने ओट्याकडे निघाले होते, ते उंबऱ्यावरूनच परतले.

कुणी आनंदाने ओरडलं वगैरे नाही. कामिनी डोळे पुसत आत गेली आणि कुंदाबाई नवऱ्याला म्हणाली, "आता तरी जेवा." ते जेवले नाहीत.

गुरुवारी सकाळी कामिनीने दार लावून घेतलं आणि पितांबररावांना गल्लीभर काम मिळालं. आधी केळीवाल्याची गाडी आली, भोंग्यासकट. तिला हात जोडून पुढच्या गल्लीत काढली. कुणाच्या तरी घरी ड्रिल चालू होतं तिथे जाऊन उभे राहिले. शेवटी नगरपालिकेची घंटागाडी गाणं वाजवत वळली तेव्हा हा निवृत्त माणूस धोतराचा सोगा धरून तिच्यासमोर धावला. ड्रायव्हरला वाटलं, कुणी गेलं की काय. "गेलं नाही, येऊ राह्यलं कोणी," पितांबरराव धापा टाकत म्हणाले, "गाणं बंद कर भाऊ, पोरगी शिकवू राह्यली." गाणं बंद झालं. त्या शांततेत बंद खिडकीतून कामिनीचा आवाज आला. ती कुणाला तरी अपूर्णांक समजावत होती, चुकलं तर हसून पुन्हा करून बघ म्हणत होती. लग्नाआधीचा तो आवाज होता. पितांबररावांनी भर गल्लीत डोळ्यांना उपरणं लावलं आणि ड्रायव्हरने दुसरीकडे बघितलं.

तिला घेतलं. संध्याकाळी कंपनीच्या बाईंचा फोन आला, रोज दोन वर्ग द्यायचं ठरलं. कामिनीने लगेच दुसरा फोन धुळ्याला लावला, स्वतः लावला, आणि सांगितलं की बैठक होणार नाही, जे बोलायचं ते वकिलाशी बोला. पितांबरराव शेजारी उभे होते. त्यांना मध्ये बरंच काही बोलायचं होतं. ते बोलले नाहीत, फक्त उभे राहिले, आणि एवढ्यानेच ते दमले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्गाला अवकाश असताना, त्यांनी बटण दाबून पाहिलं. उगाच. कॉम्प्युटर लगेच उठला, इतका लगेच की त्यांना बरं वाटायलाही वेळ मिळाला नाही, आणि पडद्यावर एक रिकामी पट्टी आली. पासवर्ड.

"कामे," त्यांनी हाक मारली, "हा पासवर्ड मागू राह्यला वं."

"हो आप्पा. काल मी ठेवलाय." ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती.

"काय हाये?"

गाळणं आपटल्याचा आवाज आला. मग ती दारात आली. चेहऱ्यावर राग नव्हता.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्हाला काय हवं ते सांगा, मी उघडून देते."

त्यांनी आठवून पाहिलं. हवं असं काहीच नव्हतं. फक्त सगळं ठीक आहे ना, एवढं पाहायचं होतं. तिचं ते 'नाही' त्यांना टोचलं, फार टोचलं, आणि तेवढ्यातच त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला न विचारता लेकीने लावलेलं हे पहिलं कुलूप आहे आणि ते पक्कं लागलं आहे.

"काही नको," पितांबरराव म्हणाले. "बंद कसा करू तेवढं सांग."

"राहू द्या. मला आता बसायचंच आहे."

ते उठले आणि त्यांनी तिला खुर्ची दिली.