आठवा खड्डा

बुधवार. सकाळची एसटी धरून काष्टीहून नगरला कॉलेजात गेलो. पहिला तास माती परीक्षणाचा होता, त्यात आमचे रिपोर्ट मिळाले.

मी शेती व्यवस्थापनाचा एक वर्षाचा डिप्लोमा करतोय... वय एकोणचाळीस. वर्गातली बाकीची मुलं विशीतली, मला काका म्हणतात. आमचं रान मोठा भाऊ बघायचा, मी कंपनीत डिस्पॅचला होतो. उन्हाळ्यात दादा गेला. वहिनी एकट्या पडल्या, म्हणून नोकरी सोडून आलो. यंदाचा कांदा माझ्या हातचा पहिला.

प्रत्येकाने आपापल्या रानातली माती आणायची होती. नागमोडी चालत आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे, सगळी माती एकत्र करायची आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. त्या रिपोर्टवर खताचा डोस ठरतो... आणि पुढच्या आठवड्यात आमची लागवड.

माझ्या रिपोर्टमध्ये पोटॅश फारच जास्त निघालं. सरांनी कागद दोनदा पाहिला. "शेजारच्या गावातल्या दोघांचं एवढं आलेलं नाही. राख मिसळली का कुठं?"

"काकांनी चुलीपुढंच उकरलं असंल सर," मागून एकजण म्हणाला. "उन्हाचं रानात कोन जातंय!" वर्ग हसला. मीही हसलो असेन...

उकिरड्यापाशी, झाडाखाली, राख पडलेल्या जागी नमुना घ्यायचा नाही, हा नियम मला पाठ होता. तरी आठवा खड्डा मी विहिरीकडच्या कोपऱ्यात घेतला होता.

तिथंच दादाला अग्नी दिला. वहिनींच्या सांगण्यावरून रक्षाही नदीत न सोडता तिथंच पसरली. खरिपातही तेवढा तुकडा तसाच सोडला होता. आता कांदा तिथं लावायचा की नाही, हे वहिनींना विचारायचं धाडस होत नव्हतं. पण नमुना घेताना ती जागा रानातून वगळणं काही जमलं नाही...

यातलं बाकी मी वर्गात काही बोललो नाही. "आठवा खड्डा विहिरीकडच्या कोपऱ्यातला. तिथं भावाला अग्नी दिला होता सर," एवढंच सांगितलं.

सर सांत्वन करत बसले नाहीत. नमुन्यासोबत दिलेल्या माझ्या रानाच्या नकाशावर त्या कोपऱ्याला त्यांनी पेन्सिलने गोल केला. "एवढा भाग सोडून परत घ्या, शुक्रवारी आणा. एका खड्ड्यामुळं सगळ्या रानाचा डोस चुकेल." आणि पुढच्या मुलाचा कागद हातात घेतला. मला ते बरं वाटलं.

चारला घरी आलो. घमेलं आणि कुदळ काढताना वहिनींनी पाहिलं. "भाऊजी, परत कशाला उकरताय?" मग सांगावंच लागलं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जित्तेपनी पोटॅशची गोनी आना म्हटलं, की उद्या आनतो म्हनायचे. आता बघा... सगळं एकदमच घालून गेले." आणि हसल्या. दादा गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"तिथं बी कांदाच लावा," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी कधी हातभर रान पडीक ठेवलं न्हाई. तुमी लई इचार करता."

जे मला इतके महिने विचारता आलं नाही, त्याचं उत्तर त्यांनी न विचारता दिलं. तोंडावर आभार मानायला जमलं नसतं... म्हणून इथं लिहितोय.

ऊन कलल्यावर रानात गेलो. तो कोपरा सोडून आठ खड्डे घेतले. माती अजून ओलसर होती. ओट्यावर पेपर अंथरून ती सुकायला पसरली आणि ढेकळं हाताने फोडत बसलो.