कावरखे मॅडम आणि फ्री रॅडिकल्सचा डबा

कुणी "हे नैसर्गिक आहे" म्हटलं, की कावरखे मॅडम चष्मा काढून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "सापाचं विषबी नैसर्गिकच असतंय. देऊ का चमचाभर?" आखाडा बाळापूरच्या आमच्या कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत, मी मराठी. आम्हा भाषावाल्यांविषयी त्यांचं मत ठरलेलं होतं. "तुमी कशावरबी विश्वास ठेवता, अन् वरून त्याच्यावर कविता करता."

संस्थाचालकांचा मेव्हणा एक पावडर विकू लागला. डब्यावर छापलेलं: 'शरीरातील फ्री रॅडिकल्सचा समूळ नाश'. स्टाफरूममध्ये ज्याच्या त्याच्या टेबलावर डबा. माझ्या आईनं तर मी घरी नेलेल्या डब्याच्या भरवशावर शुगरच्या गोळ्याच बंद केल्या. मी हे मॅडमना सांगितलं.

"अन् तुमी काहून बघत बसले? प्राध्यापक हाव ना?"

मेव्हण्याचं सभागृहात व्याख्यान झालं. शंका विचारा म्हटल्यावर मॅडम दोन काचेची भांडी घेऊन उठल्या. दोन्हींत गवारीच्या बियांपासून काढलेल्या डिंकाचं घट्ट, चिकट द्रावण. "साखरेचे कण एकमेकाला जोडून लांब साखळ्या झाल्या, म्हणून हे घट्ट हाय," त्या म्हणाल्या. दोन्हींत त्यांनी जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं आणि एकात ती पावडर. थोड्या वेळानं भांडी कलती केली. पावडर घातलेलं द्रावण पाण्यासारखं वाहिलं. दुसरं जागचं हलेना.

"डब्यात लोह हाय अन् क जीवनसत्त्व हाय. दोघं मिळून पेरॉक्साइडपासून फ्री रॅडिकल, म्हणजे दुसऱ्यावर झडप घालणारे अर्धवट कण, तयार करून राहिले. ते साखळीतला हायड्रोजन हिसकावतात, साखळी तुटते. नाश करायला निघाले, अन् पैदास करून बसले!"

मेव्हणा उखडला. "म्हणजे पोटातबी असंच होतं म्हणता का?"

"न्हाई. पोट म्हणजे काचेचं भांडं न्हाई. तिथं काय होतं मला ठाऊक न्हाई, म्हणून मी सांगत न्हाई. तुमाला ठाऊक न्हाई, तरी तुमी विकता."

पुढच्या सत्रात मॅडमना तास मिळाले नाहीत. निरोप समारंभ करायची कुणाची छाती झाली नाही. मी एकटा बसस्टँडवर गेलो. आईनं गोळ्या पुन्हा सुरू केल्याचं त्यांना सांगितलं.

"त्यांना अक्कल हाय. तुमी त्यांच्यावर गेले न्हाई."

"वाईट वाटतंय का, मॅडम?"

"वाटतंय ना. प्रयोग इतका झकास झाला, अन् बघायला कोण, तर तुमी लोक!"

परभणीची बस लागली. त्यांनी पिशवी माझ्या हातून ओढून घेतली, आणि खिडकीत बसल्यावर, पहिल्यांदाच, हसल्या.