पारावरची सूचनापेटी

नव्वदच्या दशकात धरणगावकडच्या खेड्यांत लोकांनी कारभारात बोलावं म्हणून सूचनापेट्या लावल्या होत्या. त्यांचा काही उपयोग होतो का, हे पाहायचं काम माझ्याकडे होतं. एका गावातली पेटी मारुतीच्या पारावर टांगलेली होती. आत सगळ्या चिठ्ठ्या पुरुषांच्या. "बायांना काही सांगायचंच नसतं, तसा शेरा मारा," सोबतचे साहेब म्हणाले. माझं डोकं फिरलं. बायांना विचारल्याशिवाय मी असला शेरा मारणार नव्हते.

पिठाच्या गिरणीवर एक अक्का दळण घेऊन उभ्या होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "पारवर आबा बठेल राहतस. चपला हातमा लिसन जानं पडस."

पारावर वडीलधारे बसलेले असले, की बायांनी चपला हातात घेऊन, मान खाली घालून पुढून निघून जायचं. तिथे थांबून चिठ्ठी कोण टाकणार?

मी सरपंचांना म्हटलं, "भाऊ, पेटी गिरणीवर लावू." ते "बघू" म्हणाले. मी तिथेच बसले आणि पेटी गिरणीच्या भिंतीला लागल्यावरच उठले.

पुढच्या खेपेला पेटी साहेबांसमोर उघडली. बायांनी लेकींकडून लिहून घेतलेल्या चिठ्ठ्यांनी ती भरली होती. पहिलीच मी मोठ्याने वाचली: "पेटी हलवली, बरं झालं. आता पाण्याचा नळही पारापासून हलवा. डोक्यावरचे हंडे धरले की चपला धरायला हात उरत नाही."