उलटलेला मासा आणि पेइताईच्या सुया

मासा मी उलटला. बंदर अजून ते विसरलेलं नाही.

पेइताई माझी मावसबहीण, सुया टोचून दुखणं घालवणारी डॉक्टर. मी तिचा दारावरचा माणूस: नावं पुकारायची, चादरी बदलायच्या, आणि मधूनमधून संकट ओढवून आणायचं. आम्ही दोघं डोंगराकडचे, अननसाच्या मळ्यातले. दवाखाना मात्र तिने तुंगकांगच्या बंदरावर थाटला. जाळी ओढणाऱ्या गावात कंबर आणि खांदे दुखणारच, असा तिचा हिशोब. हिशोब चोख होता, फक्त त्यात तिने मला धरलं नव्हतं.

उद्घाटनाच्या जेवणाला बोटवाले झाडून आले होते. वाफवलेल्या माशाची वरची बाजू संपली, तसा मी जेवायच्या काड्या खुपसून तो पालथा केला आणि सगळ्यात मोठा तुकडा होंग कप्तानांच्या वाडग्यात वाढला. त्यांनी वाडगा दूर सारला.

"कुठला रे तू?"

"डोंगरातला, काका."

"तरीच. ताटात मासा उलटला की समुद्रात बोट उलटते. एवढं तर आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं."

ते उठले. त्यांच्यामागे एकेक बोटवाला उठला. उरलेलं अन्न आम्ही दोघांनी संपवलं. मासा तेवढा कुणी खाल्ला नाही.

त्यानंतर खाटा रिकाम्या आणि चादरी कोऱ्या. पेइताईच्या बाबांनी आधीच बजावलं होतं, "ट्यूना माशाचा मोसम संपेपर्यंत चाललं तर चाललं. नाहीतर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तुझी खुर्ची राखून ठेवलीय." पेइताईला ती खुर्ची नको होती. "तिथे माणसाचा चेहरा दिसतच नाही," ती म्हणायची, "नुसत्या पाठी."

मग चुन मावशी आली. ही मासळीबाजारात लिलाव पुकारते. आवाज असा, की बर्फालाही घाम फुटावा. पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून बिचारी डाव्या हाताने लिलाव चालवत होती.

"मासा उलटणारा तो हाच का?" मला पाहून ती म्हणाली. "असू दे. मी किनाऱ्यावरची. बुडाली तर माझी बोट नाही."

पेइताईने सुई खांद्याला न लावता नडगीजवळ टोचली.

"अगं ए पोरी! खांदा वर आहे, तू खाली काय हुडकतेयस?"

"हात फिरवा, मावशी. सुई आत असतानाच."

"आई गं, जड झाला की पाय!"

"तेच हवंय. फिरवत राहा. आणि फरक नाही पडला तर मीच तुम्हाला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवीन."

दवाखान्याच्या काही फेऱ्यांनंतर एका पहाटे ट्यूनाच्या लिलावात मावशीचा उजवा हात वर गेला. पार वर! बोली लावणारे बोली विसरले. "कुणी केलं गं?" म्हणून मागून कोणीतरी ओरडलं, आणि मावशीने त्याच हाताने आमच्या दवाखान्याकडे बोट दाखवलं.

त्याच सकाळी दारात रांग! मासे कापणारे, बर्फ वाहणारे, जाळी विणणाऱ्या बायका. मी नावं विचारायचं सोडूनच दिलं. "मी चुन मावशीच्या खांद्याकडून आलो." "मी त्या बर्फवाल्याच्या गुडघ्याची मेव्हणी." एक म्हातारी तर कुणाच्या तरी मानेची विहीण निघाली. पेइताईच्या गालावर लाली चढली होती, जेवण उभ्यानेच चाललं होतं, आणि मी चादरी वाळत घालून घालून स्वतःच खाटेवर पडायच्या बेताला आलो होतो.

पण बोटींवरचा एकही माणूस नाही. अर्धं गाव तर बोटींवरचंच.

शेवटी चुन मावशीने होंग कप्तानांना दंडाला धरून आणलं. कंबर धरलेली, माणूस गळाच्या आकड्यासारखा वाकलेला. ते उंबऱ्याशी थबकले.

"या घरात पाय ठेवणार नाही."

"मग नका ठेवू," पेइताई म्हणाली आणि सुया, स्टूल उचलून फुटपाथवर आली. कप्तानांच्या पंजाच्या मागच्या बाजूला तिने सुया टोचल्या. "आता चाला."

"रस्त्यात?"

"घरात तुम्हीच नको म्हणालात ना!"

कप्तान सुया लावलेला हात पुढे धरून धक्क्याकडे निघाले. बाजूला पेइताई, मागे मी, माझ्यामागे शेजारचा कुत्रा. बोटींवरून हाका सुरू झाल्या, "कप्तान, लग्नाची वरात का?" जाताना आकडा होता, येताना माणूस बराच सरळ झाला होता. ते पुन्हा एक चक्कर मारायला निघाले, कुणी सांगितलं नव्हतं तरी! बोटी सोडून खलाशी आमच्या मागे चालायला लागले.

त्या संध्याकाळी पेइताईने बाबांना फोन लावला. "बाबा, ती खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊन टाका. मला इथे खाटा कमी पडतायत."

कप्तान मात्र जाताना मला म्हणाले, "कमरेचं झालं. माशाचं राहिलं. मला एक अख्खा मासा खाऊ घालायचास, माझ्या खलाशांसमोर. वरची बाजू संपली की मासा न उलटता मधला काटा उचलायचा आणि खालची जिथल्या तिथे खायची. तोवर मी बाहेरच."

मी सराव करतोय. पण काटा माझ्या काड्यांत दर वेळी मधोमध मोडतो. कप्तान रोज धक्क्यावर जाताना ओरडतात, "काय रे डोंगऱ्या, मासा कुठाय?"

"शिकतोय, काका!"

त्यांचं स्टूल अजून फुटपाथवरच आहे.