वरची काकडं

आमच्याकडे लग्न असो की बारसं, पंगत रंगात आली की कुणीतरी ती गोष्ट काढतंच. माझ्या बायकोनं एकदा शेवळांची भाजी केली आणि घरभर घसे खाजत राहिले. माझ्या वहिनी ती साभिनय सांगतात. गळा धरतात, डोळे फिरवतात आणि शेवटी घोगऱ्या आवाजात "पाणी, पाणी" म्हणतात. सगळे हसतात. बायकोही हसते, पण तिचं हसू जरा लवकर संपतं. ही गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी मला आणि माझ्या थोरल्या भावाला ठाऊक होती. दादा आता नाही, तेव्हा ती सांगायचं काम माझ्यावर आलं.

ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं असावीत. आम्ही अंधेरीला दोन खोल्यांत राहत होतो. दादा आणि वहिनी घाटावरच्या आमच्या गावाहून मुंबई बघायला आले होते. राणीची बाग झाली, चौपाटी झाली, आणि दादा कंटाळला.

"काय रे ही तुझी मुंबई! माणसं नुसती जुडी बांधल्यासारखी राहतात."

मला ते लागलं. म्हटलं, "मुंबईत रानसुद्धा आहे, दादा. रविवारी दाखवतो."

रविवारी सकाळी आम्ही चौघं आरे कॉलनीच्या बसमध्ये बसलो. झाडी सुरू झाली तसा मी वाटाड्या झालो. हे अमुक झाड, ते तमुक. निम्मी नावं मी तिथल्या तिथं ठेवत होतो. तबेले लागल्यावर मी मोठ्या थाटात हात केला.

वहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, म्हशी बघायला मुंबईला आणलंत? त्या आमच्या दारात आहेत की."

दादा इतका हसला की कंडक्टरनं वळून पाहिलं.

एका वळणावर उतरलो. तिथे झाडाखाली पाड्यांवरच्या बायका रविवारचा बाजार मांडत. पाऊस लागून आठवडा झाला होता आणि रान सगळं गोणपाटावर उतरलं होतं. टाकळ्याच्या कोवळ्या जुड्या, पानांच्या द्रोणांत जांभळं, गवतानं नांग्या बांधलेले खेकडे. एक म्हातारी तीन दगडांच्या चुलीवर तांदळाच्या भाकरी थापत होती आणि त्यावर सुक्या जवळ्याची चटणी घालून देत होती. वहिनी आधी नाक मुरडून उभ्या राहिल्या. मग "चव बघते" म्हणाल्या. मग दुसरी भाकरी मागितली.

"ज्वारीची सर नाही," असं तेवढ्यात दोनदा म्हणाल्या, तोंड भरलेलं असताना.

बायकोला मात्र भलतंच काहीतरी दिसलं होतं. तिचं माहेर पेणजवळचं. तिनं माझा शर्ट ओढला. "अहो, शेवळं! चार जुड्या घ्या. आज करते. वहिनींनी कधी खाल्ली नसतील." आणि ती वहिनींना घेऊन खेकडे बघायला गेली.

शेवळं म्हणजे जमिनीतून वर येणारे लांब, जांभळट कोंब. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, पण दादासमोर तसं कसं म्हणणार? मी रुबाबात जुड्या निवडल्या. बाईनं त्या पिशवीत टाकल्या आणि हिरव्या, आवळ्याएवढ्या फळांची एक ओंजळ माझ्यापुढे केली.

"ही वरची काकडं घे रं दादा."

आता आमच्या अंधेरीच्या भाजीवालीकडे 'वरचं' म्हणजे फुकटचं. कोथिंबिरीच्या चार काड्या, दोन मिरच्या. मी समजलो, तसंच.

दादानं विचारलं, "काकडं? काकडा तर पहाटेच्या आरतीला असतो."

"रानआवळे आहेत," मी ठोकून दिलं. "गिऱ्हाईक आवडलं की वर देतात."

बायका येईपर्यंत आम्ही दोघं भाऊ झाडाच्या मुळीवर बसलो, भाकरीवाल्या म्हातारीकडून मीठ घेतलं आणि ओंजळभर काकडं खाऊन टाकली. आंबट, तुरट. लहानपणी चिंचा चोरून खायचो तसे डोळे मिचकावत खाल्ली. इतकं सुख मला दादाबरोबर पुन्हा कधी मिळालं नाही, हेही खरं.

संध्याकाळी बायकोनं पिशवी ओतली आणि खालीवर पाहिलं. "काकडं कुठायत?"

"कशाला?" मी विचारलं.

"अहो, त्यांच्या रसाशिवाय शेवळं खाजतात! आमच्याकडे काकडं दिल्याशिवाय कुणी शेवळं विकत नाही."

वहिनी दारातच उभ्या होत्या. दादा छताकडे पाहू लागला. दिवसभर झाडांची नावं सांगणारा मी म्हणालो, "दिली नाहीत तिनं."

बायकोनं चिंच ओतली, कोकमं घातली, कोलंबी घातली. वास असा सुटला की शेजारीण डोकावली. पहिले दोन घास झकास लागले. मग वहिनींचा हात गळ्याकडे गेला, आणि पुढचं तुम्ही पंगतीत ऐकलंच आहे.

पुढच्या रविवारी बायको एकटी त्या बाजारात जाऊन भांडून आली. बाई तिला म्हणाली होती, "तुझ्या दादल्याला इचार." घरी येऊन बायको मला म्हणाली, "बघा कशी लबाड!" मी मान डोलावली. त्यानंतर तिनं शेवळं कधी घरात आणली नाहीत.

गेल्या महिन्यात आमच्या नातीनं विचारलं, "आजी, शेवळं खरंच खाजतात का गं?" तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. नात हसून लोळली. बायको मात्र माझ्याकडे वळली.

"म्हणजे ती बाई खरं बोलत होती."

"हो."

"आणि चूक माझ्या हाताची नव्हती."

"नाही."

ती उठली, तिनं माझा चष्मा पुसून माझ्यासमोर ठेवला. "मग लिहा. तोंडी नको, वहिनी मानायच्या नाहीत. मोठ्या अक्षरात लिहा, त्यांनाही आता कमी दिसतं. आणि उद्या सकाळी पिशवी घेऊन निघायचं. शेवळं दिसली तर घेऊ. काकडं माझ्या हातात राहतील."