लिनन रूममधला पेशंट

“मामा, तुम्हाला डायबिटीस आहे. पायाला जखम आहे. आणि तुम्ही माझं काही ऐकत नाही,” दीपाली सिस्टर म्हणाली.

“ऐकत नाही ते बरोबर आहे,” मी म्हटलं. “पुढे बोल.”

ती हसली नाही. मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावला आणि इंग्रजीत सुरू झाली. मी बेडशीटच्या गठ्ठ्यावर बसून पिलो कव्हरच्या घड्या घालत होतो. दुपारचे तीन वाजले होते. चारला व्हिजिटर सोडतात. तोवर लिनन रूमकडे कुणी फिरकत नाही.

मी वॉर्डबॉय. मुलुंडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं काढली. रिटायर झालो, तर कॉन्ट्रॅक्टवर परत घेतलं, कारण नवीन माणसं टिकत नाहीत. शिक्षण सातवी. वॉर्डबॉय म्हणजे पेशंटला ट्रॉलीवरून एक्स-रेला नेणारा, ऑक्सिजनचा सिलिंडर ओढणारा, बेडपॅन देणारा, आणि पेशंट गेला की त्याला गुंडाळून खाली नेणारा. आम्हाला सगळे मामा म्हणतात, आयाबायांना मावशी. नाव कुणाला ठाऊक नसतं.

दीपालीला परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. लागली म्हणजे कागद आला होता. त्याआधी नर्सची इंग्रजीची परीक्षा पास व्हायची अट. तिची तारीख दोन महिन्यांनंतरची होती. मग एजन्सीचा फोन आला. तिकडचे लोक थांबत नाहीत, लवकरची तारीख घ्या. कुणीतरी सोडलेली सीट मिळाली. हातात अकरा दिवस. आमच्याकडे ती सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होती. परमनंट करतो, परमनंट करतो, असं दर वर्षी ऐकायची. वय तिशीला आलेलं. हे गेलं तर परत कोण बोलावतंय, असं तिच्या डोक्यात बसलं होतं.

परीक्षेत चार भाग. ऐकायचं, वाचायचं, लिहायचं, बोलायचं. बोलायच्या भागाला रोल प्ले म्हणतात. म्हणजे नाटकच. ही नर्स, आणि समोरचा माणूस पेशंट नाहीतर पेशंटचा नातेवाईक. दोघांकडे एकेक कार्ड. तीन मिनिटं वाचायला, पाच मिनिटं बोलायला. समोरच्याच्या कार्डावर एक काळजी लिहिलेली असते. नर्सने विचारलं तरच तो ती सांगतो. नाही विचारलं तर पोटातच ठेवतो.

क्लासचे सर मोबाइलवर शिकवायचे. त्यांनी सांगितलं, घरात कुणालातरी पेशंट करा.

“आईला केलं,” दीपाली म्हणाली. “दोन वाक्यं झाली की विचारते, दमलीस का गं, चहा टाकू?”

“वॉर्डातल्या सिस्टरांना घे.”

“आणि सगळ्या हॉस्पिटलला बातमी? नापास झाले तर तोंड कुठे लपवू?”

“मला इंग्रजी कुठे येतं?”

“तुम्ही मराठीत बोला. तुम्ही कुणाचं ऐकत नाही मामा, मला तसाच पेशंट पाहिजे.”

इंग्रजी अगदीच येत नाही असं नाही. हॉस्पिटलचं येतं. डिस्चार्ज, शिफ्टिंग, सिरीयस, एक्स्पायर. राऊंडच्या मागे उभं राहून राहून वाक्यंही कळायला लागली. उरलेलं माणसाच्या तोंडावरून कळतं.

पहिले तीन-चार दिवस तिची वाट लागली. तोंड उघडलं की न थांबता बोलायची, पाठ केलेलं. मी नुसता बसलो की लगेच, “आय कम्प्लिटली अंडरस्टँड हाऊ यू फील.”

“काय समजलं तुला?”

“अहो, ते वाक्य आहे. क्लासमध्ये दिलंय.”

“मी अजून ब्र काढला नाही आणि तुला समजलं?”

दुसरं वाक्य त्याहून वाईट. “डोन्ट वरी, अंकल.” मी काहीही बोललो की डोन्ट वरी. पाय कापावा लागेल का? डोन्ट वरी. इंजेक्शन कोण देणार? डोन्ट वरी. मी एक खेळ केला. ती डोन्ट वरी म्हणाली की एक पिलो कव्हर बाजूला टाकायचं. टायमर वाजला तेव्हा नऊ कव्हरं पडली होती.

ती बघतच राहिली. “सर पण हेच सांगतात. याने मार्क जातात.”

“मग बोलतेस कशाला?”

“तोंडात बसलंय मामा. दिवसभर वॉर्डात दुसरं काय बोलतो आपण?”

ते खरं होतं. मी कव्हरं उचलून परत घडीत ठेवली.

पाचव्या दिवशी वेगळीच भानगड झाली. रोस्टर लागलं, म्हणजे ड्यूटीचा तक्ता. परीक्षेच्या दिवशी दीपालीला मॉर्निंग, सकाळची पाळी. ती मेट्रनकडे जाऊन आली, तोंड एवढंसं झालेलं. मेट्रन म्हणजे सगळ्या सिस्टरांची वरिष्ठ. बाई गोराईच्या, जुन्या, कडक. माझी त्यांची पंचवीस वर्षांची ओळख. मी गेलो.

“मॅडम, शनिवारी तिला ऑफ द्या.”

“का देऊ? परीक्षेला बसणार, पास होणार, उडून जाणार. मग माझा वॉर्ड कोण सांभाळणार, तुम्ही?”

“मी तसाही सांभाळतोच.”

“मामा, जीभ आवरा. तुम्हाला काय पडलंय तिचं?”

खरं उत्तर बोलण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, “सहा वर्षांत तिने कधी शनिवार मागितला नाही.”

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. “दोन रविवार करायला सांगा तिला. आणि मला सांगून जा म्हणावं. चोरून कसल्या परीक्षा देता?”

आठव्या दिवशी दीपालीने मोबाइलवर नवीन कार्ड उघडलं आणि लगेच बंद केलं.

“हे नको. दुसरं घेऊ.”

“का, काय आहे?”

“नातेवाइकाचं आहे.”

“परीक्षेत आलं तर दुसरं द्या म्हणशील?”

तिने मान खाली घालून मराठीत सांगितलं. पेशंट बाई, वय पासष्ट. फुप्फुसाचा आजार. तब्येत खालावत चाललीय. नवरा सिस्टरला विचारतो, हिला घरी कधी नेऊ?

माझी बायको रजनी आमच्याच फीमेल वॉर्डात होती. गेल्या वर्षी. बेड नंबर सात. दीपालीच्या ड्यूटीत. दम लागायचा, बोलवत नसे, तरी मला बघितलं की म्हणायची, “माका घराक व्हर.” घरी ने. त्या दिवशी दुपारी मी काउंटरला जाऊन विचारलं, सिस्टर, घरी कधी? दीपाली म्हणाली, “काळजी करू नका मामा, होईल सगळं नीट.” मी म्हटलं, बरं. आणि नाहूरला घरी गेलो. दम लागणाऱ्या माणसाला डोक्याकडची बाजू उंच लागते. बिल्डिंगच्या मागे बांधकाम चालू होतं, तिथून दोन विटा मागून आणल्या आणि पलंगाच्या पायांखाली लावायला बसलो. एक लागली. दुसरी हातात असताना फोन आला.

तुम्ही म्हणाल, एकतीस वर्षं वॉर्डात आणि तुला कळलं नाही? नाही कळलं. ‘काळजी करू नका’ हे मी स्वतः किती जणांना म्हटलं असेल. ट्रॉली ढकलताना म्हणायचो. काही होत नाही काका, आत्ता येतील बाहेर. त्याला काही अर्थ नसतो, हे मला पक्कं माहीत होतं. पण आपल्याला कुणी म्हटलं की खरं वाटतं.

“टायमर लाव,” मी म्हटलं.

तिने लावला.

“सिस्टर, हिला घरी कधी नेऊ?”

“डोन्ट वरी, अंकल. एव्हरीथिंग विल...” ती थांबली.

“तेव्हाही तू हेच म्हणालीस.”

“मामा...”

“मामा काय? पाच मिनिटं आहेत. बोल.”

ती मराठीतच बोलली. “सांगायचं काम डॉक्टरांचं असतं. ते ऑपरेशन थिएटरात होते. मला परमिशन नव्हती.”

“ते मला सांगतेस? मी काय काल लागलो? आजाराचं नको सांगू. पण ‘मामा, आज घरी जाऊ नका’ एवढं म्हणायला कुणाची परमिशन लागते?”

टायमर वाजला, तो तिने बंद केला. एका पिलो कव्हरला डोळे पुसले आणि ते परत घडीवर ठेवायला लागली.

“ते धुवायला टाक,” मी म्हटलं. दुसरं काय बोलणार?

मला वाटलं, आता ही येत नाही. पोरीचे तीन दिवस राहिलेत आणि मी हे काढून बसलो. रजनी असती तर म्हणाली असती, तुझ्या तोंडाला दार नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून पाच मिनिटांनी दीपाली आली. “तेच कार्ड,” म्हणाली.

रोज ती उभी राहून बोलायची. त्या दिवशी स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. मी विचारलं, सिस्टर, घरी कधी नेऊ? तिने लगेच उत्तर दिलं नाही. मग हळू विचारलं, “अंकल, व्हॉट हॅज द डॉक्टर टोल्ड यू?” डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय?

मराठीत बोलायचं ठरलं होतं, पण माझ्या तोंडून इंग्रजी निघालं. “डॉक्टर टोल्ड नथिंग. यू टेल.”

तिने सांगितलं. सावकाश, एकेक वाक्य. मला सगळं कळलं. कालच्यापेक्षा अशक्तपणा जास्त आहे. ऑक्सिजन वाढवावा लागलाय. डॉक्टर पाचला येतील, तुमची भेट मी स्वतः घालून देईन. मग म्हणाली, “प्लीज डोन्ट गो होम टुडे. स्टे विथ हर.”

टायमरमध्ये दीड मिनिट उरलं होतं. ते संपेपर्यंत ती स्टुलावरून उठली नाही. कव्हर एकही बाजूला पडलं नव्हतं.

शनिवारी परीक्षा झाली. नातेवाइकाचं कार्ड आलंच नाही. एक म्हातारा काठी वापरायला तयार नव्हता, आणि एक बाई पोराच्या तापाने घाबरलेली होती. संध्याकाळी मला फोन करून म्हणाली, “एकदाही नाही म्हटलं मामा.” काय ते सांगावं लागलं नाही.

काही आठवड्यांनी रिझल्ट आला. बोलण्यात चांगले मार्क. लिहिण्यात थोड्या मार्कांनी नापास. एका पेशंटला दुसरीकडे पाठवताना डॉक्टरला पत्र लिहायचं होतं. कामाचं तेवढंच लिहायचं, बाकी सोडायचं. हिने सगळंच लिहिलं, त्याच्या चुलत्याच्या आजारापर्यंत. तिकडच्या हॉस्पिटलाने ती जागा दुसरीला दिली. एजन्सी म्हणते, परत बसा, बघू. ती परत बसणार आहे. मेट्रन मॅडमनी हे ऐकलं आणि रोस्टरमध्ये तिला सलग चार मॉर्निंग लावल्या, म्हणजे काम जास्त, पण दुपारनंतर अभ्यासाला मोकळी. प्रेम म्हणून की राग म्हणून, बाईचं काही सांगता येत नाही.

परवा फीमेल वॉर्डात एक मुलगा काउंटरला उभा होता. आई बेड नंबर तीनवर. त्याला अंघोळीला बोरिवलीला घरी जाऊन यायचं होतं. मी बाजूला सिलिंडर बदलत होतो. दीपालीने त्याला विचारलं, “डॉक्टर काय बोलले तुमच्याशी?” त्याने काहीतरी सांगितलं. मग ती म्हणाली, “अंघोळ इथेच करा. मामा टॉवेल देतील. आज जाऊ नका.”

मी टॉवेल दिला. बाई संध्याकाळी गेली. मुलगा तिचा हात धरून होता. ट्रॉली मीच खाली नेली, तो सोबत चालत होता.

पलंगाच्या एका पायाखाली अजून वीट आहे. पलंग तिरका आहे, पण झोप तशीही येत नाही.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगून ठेवतो. तुमचं माणूस हॉस्पिटलात असेल आणि कुणी म्हणालं, काळजी करू नका, तर त्याला विचारा, मी घरी जाऊन येऊ का? त्याने उत्तर द्यायला वेळ लावला, तर जाऊ नका.